पन्ह्यातला बर्फ

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या बायकोलाही नाही, आणि बर्फ तर तिनंच फोडला होता. सेक्टर सहाच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून, वरवंट्यानं. नवऱ्यानं बाजारातून आणला असं तिला वाटलं, कारण मी तिला तसंच सांगितलं होतं. तो बर्फ गुरांच्या लशीचा होता.

भाऊंबद्दल लिहावं असं फार वर्षांपासून मनात होतं. कितीदा बसलो, आणि प्रत्येक वेळी याच जागी येऊन अडलो. म्हणून या वेळी ही जागा आधीच ओलांडून टाकली. आता पन्नाशी उलटली आहे, सांगायला हरकत नाही असं वाटतं. खरं म्हणजे हरकत तेव्हाही नव्हती. धीर नव्हता.

भाऊ म्हणजे आमच्या कोंडवाड्याचे ड्रेसर, जनावरांची मलमपट्टी करणारे. कोंडवाड्याला भिलाईत सगळे कांजी हाऊस म्हणायचे. खुर्सीपारच्या पलीकडे, वस्ती संपून मुरमाचं रान सुरू होई तिथे तारेचं कुंपण, टिनाचं छप्पर, एक विहीर आणि दोन कडुनिंब, एवढाच तो. पोलादाचा कारखाना उभा राहत होता ते दिवस; पहिली भट्टी पेटली होती, बाकीचं बांधकाम चालूच होतं. सकाळी ज्या वाटेनं सायकल काढली तिथे परत येताना खड्डा असायचा. कारखान्याच्या जागेवरची गावं उठवून पलीकडे वसवली होती. माणसांना नवी जागा कळली, गुरांना कळली नाही. ती आपली सवयीनं जुन्या तळ्यावर पाणी प्यायला निघायची. तिथे आता डंपर आणि सळया. कुणी पायाच्या खंदकात पडायची, कुणाची मांडी तारेनं फाटायची, कुणी नव्या क्वार्टरांच्या बागेत शिरून साहेबांचे गुलाब खाऊन यायची. मग वॉचमन त्यांना हाकलत आमच्याकडे आणून सोडायचे.

कोंडवाडा म्हणजे खरं तर गुरांचा तुरुंग. मालकानं यावं, दंड भरावा, जनावर न्यावं. औषधपाण्याचा तिथे संबंध नव्हता. मेलेलं जनावर वेळेवर कळावं म्हणून मला ठेवलं आहे, असं भाऊ स्वतःच हसत सांगायचे. पण त्या माणसानं त्या तुरुंगाचा दवाखाना केला, आणि तसं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

ते नागपूरकडचे. वडील रेल्वेत तिकीट तपासनीस. स्वतः भाऊ पलटणीत खेचरांच्या दवाखान्यात होते, तिथून सुटले ते इथे आले. उंच, काटक, खाकी अर्धी चड्डी, खांद्यावर पंचा. जनावराजवळ जाताना त्यांचा आवाज खाली यायचा. माणसांशी बोलताना मात्र तो कधी खाली आला नाही.

माझं म्हणाल तर मी गोंदियाकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. मोठा भाऊ प्लांटमध्ये लागला आणि मलाही लावायला घेऊन आला. डोळ्यांच्या तपासणीत मी अडकलो. गुरांच्या दवाखान्याचा छोटा कोर्स गावाकडे केलेला होता, त्यावर कांजी हाऊसमध्ये भाऊंच्या हाताखाली लागलो. घरी याची फार चेष्टा चाले. मोठा भाऊ जेवताना म्हणायचा, "आमच्या घरात एक जण लोखंड वितळवते, दुसरा शेण उचलते." वहिनी हसायची. मीही हसायचो, पण ते लागायचं.

पहिल्याच आठवड्यात भाऊंचं आणि माझं बिनसलं. बाहेरून आलेलं जनावर ते कधीच सरळ आतल्या गुरांत सोडत नसत. लांबच्या निंबाखाली वेगळं बांधायचं, त्याची बादली वेगळी, त्याची वैरण वेगळी. तिथून आत यायचं तर फिनेलच्या घमेल्यात पाय बुडवून यायचं. नाक कोरडं आहे का, शेण कसं पडतं, डोळ्यांतून पाणी येतं का, हे काही दिवस पाहायचं आणि मगच आत घ्यायचं. मला ही सगळी उठाठेव वाटली. एकदा कंटाळून मी एक वासरू सरळ आत घेतलं. भाऊंनी ते परत निंबाखाली नेऊन बांधलं, घमेल्यात पाय बुडवले आणि मला म्हणाले, "बाबू, पाहुणा आला का आधी ओसरीवर बसवते आपण. सैपाकघरात नाई नेत." पुढे मोठ्या दवाखान्यांत हीच गोष्ट मोठ्या शब्दांत ऐकली, तेव्हा मला ती ओसरी आठवायची.

मजाही चालायची. एकदा एक इंजिनियर साहेब स्वतः एक बकरी ओढत आले. तिनं त्यांच्या टेबलावरचा नकाशा खाल्ला होता. साहेब रागानं लाल. विचारत होते, काही करता येईल का? भाऊंनी बकरीचं पोट चाचपलं आणि गंभीरपणे हिंदीत सांगितलं, की कल सुबह तक निकल आएगा साहब, पढ़ने लायक रहेगा के नहीं, ये नहीं बोल सकता. साहेब इतके हसले की बकरी सोडून गेले. ती बकरी बरेच दिवस आमच्याकडे होती. भाऊ तिला ओव्हरसियर म्हणायचे.

पण मला भाऊ खरे कळले ते वेगळ्याच कारणानं. ज्या गुराचा मालक येत नसे ते इतर ठिकाणी लिलावात जायचं. भाऊ काय करायचे, तर त्याची जखम भरून आली की ऊन उतरताना दार उघडायचे, दोर काढायचे आणि त्याच्या मागे चालू लागायचे. हाकायचं नाही, वळवायचं नाही. गाय आपलं घर दाखवते, म्हणायचे. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा एक लाल गाय आम्हाला कारखान्याच्या कुंपणापाशी घेऊन गेली. तारेला तोंड लावून उभी राहिली. पलीकडे काँक्रीटचे खांब, क्रेन, धूळ. तिथे तिचं गाव होतं. भाऊ तिच्या बाजूला उकिडवे बसले, बिडी पेटवली आणि बसून राहिले. मी म्हटलं, "कावून बसलो आपण?" ते म्हणाले, "तिले पाहू दे. पाहून झालं का वळन." आणि खरंच, काही वेळानं ती वळली आणि मुरमाच्या वाटेनं नव्या वस्तीकडे निघाली. तिच्या मागे आम्ही. अशा रीतीनं आम्ही त्या नव्या गावात पोहोचलो आणि राऊताची ओळख झाली.

राऊत म्हणजे गावची गुरं राखणारा. त्या वस्तीतली सगळी गुरं सकाळी त्याच्या हवाली व्हायची. ती लाल गाय त्याची स्वतःची होती. जमीन गेली होती, तळं गेलं होतं, आता सरकारी माणूस गाय परत घेऊन आला म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, असं त्याला वाटलं. त्यानं आम्हाला पाणीही विचारलं नाही.

तो हिवाळा भाऊंनी त्या गावात घालवला म्हटलं तरी चालेल. ड्यूटी संपली की सायकल तिकडे. गुरं जिथे जमायची त्या मोकळ्या जागेत जाऊन बसायचे. कुणाच्या बैलाच्या खुरात खडा, कुणाच्या गाईची वार अडकलेली, कुणाच्या खांद्याच्या जखमेत किडे. टर्पेंटाइनची बाटली आणि चिमटा एवढंच बरोबर. मी अधूनमधून जायचो आणि कंटाळायचो. हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला उशिरा सांगितलं. कारखान्याच्या कामावर मुरूम आणि विटा ओढायला लांबून लांबून बैलगाड्या आल्या होत्या. त्या बैलांबरोबर बुळकांडी येणार, असं त्यांचं म्हणणं. बुळकांडी म्हणजे गुरांची महामारी; तोंडात फोड, डोळ्यांत चिपडं, पाण्यासारखी हगवण, आणि एका गोठ्यात शिरली की गोठा रिकामा. गावातले लोक तिला माता म्हणत. त्यावर लस होती. पण उठवलेल्या गावातली माणसं सरकारी सुई जनावराला लावू देणार नाहीत, हे भाऊंना माहीत होतं. म्हणून तो हिवाळा.

उन्हाळा लागला तेव्हा राऊत तयार झाला. त्याची अट एकच. ज्याला सुई दिली त्याला खूण पाहिजे, म्हणजे कुणाला दिली नि कुणाला नाही हे त्याला ओळखता यावं. भाऊंकडे कानाला भोक पाडायचा चिमटा होता. ते म्हणाले, ज्याच्या कानात भोक त्याला माता येणार नाही, मी शब्द देतो. मग माझ्याकडे वळून हळूच, "बाप तिकिटं टोचे, पोरगा कानं टोचते. घराणंच टोचणाऱ्याचं हाय आमचं."

दुर्गच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांनी लस द्यायचं कबूल केलं. साहेब चांगले होते, भाऊंना मान द्यायचे. लस म्हणजे काचेच्या नळीतली कोरडी पूड. ती गार मिठाच्या पाण्यात कालवायची आणि लगेच टोचायची. तोवर बर्फात राहिली पाहिजे, उन्हानं मेली की नुसतं पाणी टोचल्यासारखं. लाकडी पेटी, आत जस्ताचा पत्रा, भुसा, बर्फ आणि मधे नळ्यांचा डबा. ती पेटी दुर्गहून सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचं काम माझं.

त्याच दिवशी माझे सासरे आले होते.

वैशाख होता. मामाजी तुमसरकडून कैऱ्यांचं पोतं घेऊन पहिल्यांदाच लेकीचं घर पाहायला आलेले. लग्न ठरताना त्यांना भिलाई एवढंच कळलं होतं, कांजी हाऊस नंतर कळलं. लग्नात एकानं विचारलंही होतं, जावई भट्टीवर आहेत का? मामाजी खाली पाहत म्हणाले होते, नाही, गुरांकडे आहेत. ते वाक्य माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं होतं. दुर्गहून येताना सेक्टर सहा वाटेवरच लागतं. मी विचार केला, दोन मिनिटं टेकून जावं. पेटी ओसरीच्या सावलीत ठेवली. बायकोनं पन्हं केलं होतं. मामाजी पंख्याखाली घाम पुसत बसलेले. ते म्हणाले, "भिलाईत एवढं लोखंड हाय, थंड पाणी नाई का?"

मी मागच्या दारानं बाहेर पडून ओसरीवर गेलो, पेटी उघडली आणि मोठा खडा काढला.

एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. बायकोनं तो फोडला, पन्ह्यात टाकला. मामाजींनी पेला गालाला लावून पाहिला आणि म्हणाले, "वा जावईबापू." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नावाजलं. मग जेवायलाच बसवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. जेवून उठलो तेव्हा ओसरीवरची सावली सरकली होती आणि पेटी उन्हात होती. हात घातला तर कोमट पाणी, त्यात डबा तरंगत होता.

मला माहीत होतं. मी कोर्स केलेला माणूस होतो, न कळून घडलं असं म्हणायची सोय मला नाही. मी सैपाकघरात गेलो. पन्ह्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बर्फाचा एक तुकडा उरला होता. तो काढला, नळाखाली धुतला, कारण त्याला गूळ लागला होता, आणि पेटीत ठेवून दिला.

खुर्सीपारला पोहोचलो तर राऊतानं सगळं गाव आणलं होतं. गुरं निंबापासून कुंपणापर्यंत. भाऊ चुलीवर सुया उकळत होते. पेटी उघडून त्यांनी आत पाहिलं. "बर्फ बारका झाला." मी म्हटलं, "ऊन लई आहे भाऊ." ते मान हलवून कामाला लागले. बर्फ दिसला होता, त्यांना पुरेसं होतं. मग सुई भरणं त्यांच्याकडे, कान टोचणं माझ्याकडे. प्रत्येक कानाला मी भोक पाडत होतो आणि प्रत्येक भोकाबरोबर मला वाटत होतं, आता सांगावं. राऊत प्रत्येक जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभा राहत होता. त्याची लाल गाय सगळ्यांत शेवटी आली. तोवर सांगण्यासारखं काही उरलंच नाही, असं मी स्वतःला समजावलं.

पावसाच्या आधीच बुळकांडी आली. गाडीवानांच्या तळावरून आली, भाऊ म्हणाले होते तशीच. इतर गावांत आम्हीच नंतर त्याच लशीच्या दुसऱ्या नळ्या आणून टोचल्या होत्या, तिथे काही झालं नाही. राऊताच्या गावात झालं.

राऊत एके सकाळी लाल गाय घेऊन आला. ती चालत होती म्हणण्यापेक्षा तो तिला घेऊन येत होता. नाकातोंडातून लाळ, शेपटी घाणीनं माखलेली. त्यानं काही आरडाओरडा केला नाही. भाऊंसमोर गाय उभी केली आणि तिचा कान वर धरला. भोकातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

"कान म छेदा हे," तो म्हणाला. कानात भोक आहे. "तोर बात रिहिस, डाकदर." तुझा शब्द होता.

भाऊंनी गाईचा ओठ उलटून पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाले, "बाबू, बर्फ होता ना रे?"

"होता, भाऊ."

भाऊंशी त्याबद्दल मी बोललेलं खोटं एवढंच, आणि शब्दाशब्दानं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. बर्फ होता. धुतलेला होता.

लाल गाय आमच्याच निंबाखाली मेली. त्याच आठवड्यात डॉक्टरसाहेब आले. खुर्ची टाकून बसले, आम्हा दोघांना समोर घेतलं आणि शांतपणे विचारलं. तीच लस दुसरीकडे लागली, इथे का नाही लागली? मी तोंड उघडणार होतो की नव्हतो, हे आता मी ठामपणे सांगू शकत नाही. भाऊच आधी बोलले.

"सुया मीच उकळल्या साहेब, मीच भरल्या. गर्दी होती, घाई होती. सुई निवली होती का नाई, मले सांगता येत नाई. गरम सुईत भरली असन तर लस तिथंच मेली."

साहेब म्हणाले, तुमच्या हातून असं होणार नाही.

"होते साहेब. हात हाय, मशीन नाई."

हे ते मला वाचवायला बोलले नाहीत. तसं असतं तर मला कमी टोचलं असतं. त्यांना खरंच तसं वाटलं. मी बर्फ होता म्हटलं, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला, आणि मग चूक शोधत शोधत स्वतःच्या हातापर्यंत आले. शोधायला दुसरी जागाच मी शिल्लक ठेवली नव्हती.

त्यानंतर त्या माणसानं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. गावानं त्यांना यायला मनाई केली. पोरांनी सायकलवर शेण फेकलं. ते उतरले, शेण पुसलं आणि गुरं जमायची त्या जागेच्या काठाला जाऊन बसले, हिवाळ्यात बसायचे तसेच. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आपलं वासरू घेऊन आली, कारण तिला दुसरं कुणी नव्हतं. भाऊंनी त्याचं तोंड तुरटीच्या पाण्यानं धुतलं, तांदळाची पातळ पेज बोटानं चाटवली, आणि पुन्हा, आणि पुन्हा. ते वासरू जगलं. मग बाकीचे आले. आजारी गुरांना नदीकाठी वेगळा मांडव घालून दिला, धडधाकट वेगळी ठेवली. मांडवातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे पाय फिनेलमध्ये. पेज शिजवायला गावातल्या बायका बसवल्या. कुणी दमलं की भाऊ म्हणायचे, "औषध नाई हाय हे. फक्त त्याले मरायची घाई करू द्याची नाई." मी रात्रंदिवस त्यांच्याबरोबर होतो. लोक म्हणाले, काय पोरगा आहे, भाऊंना सोडून गेला नाही. मी का सोडून जात नाही, हे मला माहीत होतं.

पुष्कळ गुरं गेली. पण पुष्कळ राहिली, आणि जी राहिली ती औषधानं नाही, त्या माणसाच्या बसण्यानं राहिली. जनावरांच्या दवाखान्यात मी पुढे आयुष्य काढलं. हुशार डॉक्टर पाहिले, महागडी औषधं पाहिली. पण आजारी जनावराशेजारी बसावं कसं, हे तसं जमणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही. जनावर कधी पाणी पिईल याची वाट पाहत ते बसायचे. त्याला आग्रह करायचे नाहीत. मालकाला धीर द्यायचे, पण खोटी आशा द्यायचे नाहीत. एखादं हातचं जाणार हे दिसलं की त्याच्या मानेखाली हात घालून बसायचे, आणि ते गेल्यावर आधी हात धुवायचे, मग पंच्यानं तोंड पुसायचे. या क्रमात कधी बदल झाला नाही. आम्हा ढोर-ड्रेसरांच्या कामाला लोक शेण उचलणं म्हणतात. मीही म्हणत होतो. त्या मांडवात मला पहिल्यांदा वाटलं, की हे काम भट्टीवरच्या कामाहून तसूभरही कमी नाही.

राऊत मात्र मांडवात आला नाही. तो भाऊंशी पुन्हा बोलला नाही.

टाऊनशिपमध्ये गुरांचा नवा दवाखाना निघाला तेव्हा तिथल्या कायम जागेवर भाऊ जाणार, हे आधीपासून ठरल्यासारखं होतं. साहेब स्वतः सांगायला आले. भाऊंनी नको म्हटलं. माझं नाव पुढे केलं. माझ्यासमोर म्हणाले, "पोराचा हात साफ हाय साहेब. माह्या हातावर आता माहा भरवसा नाई." ती जागा मला मिळाली. मोठ्या भावानं पेढे वाटले. मामाजींनी तुमसरला लोकांना सांगितलं, जावई सरकारी दवाखान्यात आहेत.

त्यानंतर भाऊंनी एक सवय लावून घेतली. उकळलेली सुई भरायच्या आधी ते तिची नळी गालाला लावून पाहायचे, निवली का. प्रत्येक वेळी, थंडीतही. मी त्यांच्या शेजारी उभा राहून ते पाहत असे, आणि मला मामाजींनी गालाला लावलेला पेला आठवत असे. माझ्या हातालाही तीच सवय लागली. पुढे माझ्या हाताखाली जी पोरं तयार झाली त्यांनाही मी तेच शिकवलं. नवीन पोरगं विचारतं, गालाला का लावायची? जुनं पोरगं सांगतं, एक ड्रेसर होता, त्यानं गरम सुईत लस भरली आणि अख्ख्या गावाची गुरं मेली. ही गोष्ट त्यांना मीच सांगितलेली. नाव घेतलं नाही म्हणून माझ्या मनाला बरं वाटायचं.

भाऊ निवृत्त होऊन नागपूरकडे मुलीकडे गेले. मी एकदा भेटायला गेलो होतो, हे सगळं सांगायचंच असं ठरवून. ते खाटेवर बसले होते, नजर मंद झालेली. माझा आवाज ओळखला, हात हातात घेतला. चहा आला. मग त्यांनी विचारलं, "राऊताच्या गावात जात असतं का तू? आता टोचू देते का ते लोक?"

मी म्हटलं, देतात. ते खरं होतं, नवी पिढी देते.

"मंग झालं," ते म्हणाले. "माह्यामुळं तेवढं बिघडलं होतं."

मी चहा संपवला आणि गाडी चुकेल म्हणून उठलो. गाडीला पुष्कळ वेळ होता. स्टेशनवर बाकावर बसून राहिलो. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचा निरोप आला, भाऊ गेले.

राऊत अजून आहे. म्हातारा झाला आहे, गुरं आता त्याचा नातू राखतो. संध्याकाळी गुरं जमतात त्या जागेत तो बसलेला असतो, आणि भिलाईतला ढोर-डाकदर खोटा निघाला, हे अजून सांगतो. दवाखान्यातली माझी पोरं तिथे लस टोचायला जातात, त्यांनी ते ऐकलं आहे.

या लिहिण्यानं काही फिटत नाही, हे मला कळतं. बायकोला हे वाचून दाखवायचं आहे. दवाखान्यातल्या पोरांना सांगायचं आहे, की सुई गरम नव्हती. आणि त्या गावात जाऊन, गुरं जमतात त्या जागेत, राऊतासमोर उभं राहून म्हणायचं आहे, की भाऊंचा शब्द खरा होता, बर्फ मी काढला होता. एवढं माझ्याकडून देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.